सोडा म्हणायचा हक्क

बाळांनो, तुमच्याकडे हे शिकवायला प्लास्टिकचे गळे मिळतात म्हणे. भूकंपानंतरच्या वर्षांत लातुरात क्लासच्या नव्या पाट्या रोज लागत होत्या, तेव्हा मी एका छोट्या रुग्णालयात भूल देत असे. माझ्याजवळ बाळांच्या वजनाचा काटा होता. तो पुरला.

भूल चढताना पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं, तर माणूस दगावू शकतो. म्हणून कंठमण्याखालचं कडक कडं बोटांनी मागे दाबून धरायचं, म्हणजे त्यामागची अन्ननलिका मिटते. श्वासनळीत नळी पक्की बसेपर्यंत बोटं उचलायची नाहीत. हल्ली यावर वाद आहेत. तेव्हा आमची रीत हीच होती.

काटा टेबलावर ठेवून मी आमच्या उदगीरच्या सिस्टरना म्हटलं, "चांगलं भरलेलं बाळ ठेवल्यावर काटा जिथं जातो, तिथपर्यंत दाबा."

"सासूचा गळा समजून दाबू का म्याडम?"

"मग काटा जुळ्यांवर जाईल. जरा कमी."

दाब लवकर जमला, सोडणं जमेना. उपाशीपोटी आलेल्या रुग्णांवर सराव चाले. नळी घालायला आत वाट दिसली की मी स्वतःशीच "हाव, हाव" म्हणायची. मी पुण्यात इंग्रजीतून शिकलेली, पण लग्नानंतर सासरचा हा 'हो' जिभेवर बसला होता. सिस्टरना वाटे, झालं. त्या बोटं उचलत. शेवटी मी नियम केला: टेबलाजवळ 'हाव' बंद. 'सोडा' हा एकच शब्द, आणि तो फक्त मी म्हणायचा.

"आन् मोठे डॉक्टर म्हणले तर?"

"तरी नाही."

एका दुपारी औशाहून जीपमधून एक बाळंतीण आली. बाळाचे ठोके मंदावले होते. कळांना जोर हवा म्हणून सासूनं वाटेतच वरणभात पोटभर खाऊ घातला होता. ताबडतोब भूल द्यावी लागली. सिस्टरची बोटं बरोबर जागी बसली आणि मी नळी आत घातली.

मोठे डॉक्टर, म्हणजे आमचे सर्जन, सुरी घेऊन उभे होते. "झालं ना? सोडा आता."

"म्याडमनी म्हणलं न्हाई."

"अहो, मी सांगून राहिलो ना."

सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मी नळीच्या फुग्यात हवा भरली, छातीच्या दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हटलं, "करा सुरू. सिस्टर, सोडा."

बोटं उचलताच वरणाचं पिवळं पाणी तोंडात आलं. नळी घट्ट बसली होती. मी ते सक्शनच्या नळीनं ओढून घेतलं. थोड्याच वेळात बाळ रडलं, आणि आईचा श्वास शेवटपर्यंत स्वच्छ राहिला.

हात धुताना सर्जन म्हणाले, "तुमच्या सिस्टर माझं ऐकत नाहीत."

"बाकी सगळं ऐकतात," मी म्हटलं. "गळ्याचं तेवढं माझ्याकडे आहे."