माफीसाठी बोलावलेली ग्रामसभा

नाशिकच्या कॉलेज रोडवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या संस्थेचं कार्यालय आहे. सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करायचा, गावोगावच्या निवडून आलेल्या बायकांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यायचं आणि जगात जे घडतं त्याचा इथल्या माणसांवर काय परिणाम होतो ते मांडायचं, हे आमचं काम. माझे वडील पाहुण्यांना अजूनही ‘बँकेसारखंच काहीतरी आहे’ असं सांगतात. मीही कधी दुरुस्त करत नाही.

एका द्राक्ष हंगामात युरोपातून काही पाहुणे आले. धोरणांवर काम करणारी माणसं होती, आणि त्यांच्यासोबत फळं आयात करणाऱ्या कंपनीचे दोघे. शेतमालाच्या व्यापारातली समानता असा चर्चेचा विषय होता. बोलायला आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या एका सरपंचबाईंना बोलावलं. त्या आमच्याकडेच शिकलेल्या. सरपंच होण्याआधी त्यांनी बागांमध्ये मजुरी केली होती आणि त्यांचे यजमान गावातल्या सर्वांत मोठ्या बागायतदाराकडे फवारणीचा ट्रॅक्टर चालवत होते.

त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडं पोचायच्या आधी आमचं द्राक्ष तपासून जातं. चांगलं हाय. खाणाऱ्याला काय व्हायला नको. पण घड औषधात बुडवणारे हात कोणी तपासत नाय. हे बघा.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली होती, नखं पिवळी पडलेली. मला अभिमान वाटला. त्या दिवशी दुसरं काही मनात आलं नाही.

प्रेक्षकांतल्या कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाईलवर घेतला होता. तो फिरायला लागला तेव्हा त्याखाली ओळ होती, ‘सरपंचच सांगते, आपली द्राक्षं विषारी’.

हंगाम आधीच वाईट चालला होता. समुद्रात मालवाहू जहाजांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे ती आफ्रिकेला वळसा घालून जात होती आणि कंटेनर आठवडेच्या आठवडे उशिरा पोचत होते. पाहुण्यांबरोबरच्या चर्चेसाठी या मार्गांचा नकाशा मीच तयार केला होता. लांबच्या मार्गावर एक छान निळा बाण काढला होता. त्या बाणावर कुणाकुणाचा माल आहे, हे मला त्या तुकड्यानंतर कळायला लागलं.

दुपारी कार्यालयात एक फोन आला. आवाज अगदी नम्र. “मॅडम, तुमची मुलगी गंगापूर रोडच्या शाळेत असते ना? पांढरी गाडी तुमचीच. नाही, सहज विचारलं. सरपंचांना जरा समजावून सांगा, गावाची माफी मागा म्हणावं.” मी ‘कोण बोलतंय’ एवढंच विचारू शकले. तोवर फोन ठेवला गेला होता. मुलीला शाळेतून अर्ध्यातच घेऊन आले. ती मागच्या सीटवर चित्रकलेच्या तासाला काय काढलं ते सांगत होती आणि मी आरशात मागची प्रत्येक मोटारसायकल बघत होते.

सरपंचबाईंचा फोन बंद होता. शेवटी यजमानांनी उचलला. “ती घरात हाय. दार लावून बसली हाय. गावानं शुक्रवारी ग्रामसभा बोलावली हाय, तिनं सगळ्यांपुढं माफी मागायची म्हणत्यात.” मग हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही याल का? तिला कोणी तरी लागंल संगं.”

मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर वाटलं, कशाला म्हणाले.

संस्थेचे संचालक आधी नकोच म्हणत होते. “थोडे दिवस गप्प राहू. आपलं नाव मध्ये आलं तर बाकीच्या गावांतलं कामही थांबेल.” त्यांचं चूक नव्हतं. पण शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतःहून मला बाईंच्या पूर्ण भाषणाचं ध्वनिमुद्रण पाठवलं आणि खाली लिहिलं, “सांभाळून जा.”

गावाच्या वेशीजवळ ट्रॅक्टर आडवे लावले होते. गाडी तिथेच सोडून त्यांच्यामधून चालत जावं लागलं. दोन्ही बाजूंना पुरुष उभे होते. कुणी काही बोललं नाही, वाटही अडवली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला चालताना वाटत होतं. मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात बाई खुर्चीवर बसल्या होत्या, पदर घट्ट ओढून. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

यजमानांचे मालक, ते मोठे बागायतदार, समोरच होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. आबा म्हणाले, “बोल. काय बोलायचं ते बोल.”

बाई उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “मी तिथं जे बोलले ते सगळं ऐका. मग माफी मागायची का ते ठरवा.”

मी देवळाच्या भोंग्याला फोन जोडला. वायर यजमानांनी पुढे होऊन बसवली. तुकड्यानंतरचं भाषण गावाने पहिल्यांदा ऐकलं. त्यात बाईंचा आवाज सांगत होता, “आमच्या मालकांना मी दोष देत नाय. भाव तुम्ही ठरवता. त्या भावात हातमोजे बसत नायत, बाईचा दवाखाना बसत नाय. तेवढं धरून भाव द्या.”

मागून एक जण ओरडला, “नाटकं हायेत सगळी,” आणि माणसं ढकलत पुढे यायला लागला. आबांनी मागे न बघताच हात वर केला. तो थांबला.

“हे आधी का नाय सांगितलं?” आबांनी विचारलं.

“कोणी इचारलंच नाय, आबा. माफी माग एवढंच म्हनले.”

“माझा माल समुद्रात हाय, पोरी. तो परत आला तर मी काय करू, ते सांग.”

मला नकाशावरचा माझा निळा बाण आठवला. माफी कुणी मागितली नाही, ठराव झाला नाही, माणसं हळूहळू उठून गेली.

गाडीपाशी आले तर चारही चाकांतली हवा सोडलेली होती. यजमानांनी कुठूनसा पंप आणून हवा भरली. भरताना ते सारखे बागांकडे बघत होते. परत येताना दिंडोरीपर्यंत एक मोटारसायकल मागे होती, तिथे ती बाजाराकडे वळली. असेल कुणी बाजारालाच चाललेलं. मी मात्र नाशिक येईपर्यंत काचा खाली केल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून यजमानांना आबांच्या बागेत बोलावणं आलं नाही. ते आता दुसऱ्या गावी ट्रॅक्टर चालवायला जातात. आबांचा माल पोचला, त्यातला बराच खराब झालेला. त्यांनी बाईंना दोष दिला नाही, पण अजून बोलतही नाहीत. काही बागांमध्ये हातमोजे आले, आणि फवारणीच्या आदल्या दिवशी बागांलगतच्या गावच्या शाळेला निरोप जातो. एवढं झालं.

परवा दिल्लीहून निमंत्रण आलं. मोठी परिषद आहे, बाईंनीच बोलावं असा आग्रह. मी त्यांना घरूनच फोन केला आणि निमंत्रण सांगतानाच मनात म्हणत होते, यांनी नाही म्हणावं.

“लय भ्या वाटतंय, ताई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येनार ना संगं?”

मी येते म्हणाले. मग उठून मुलगी अंगणात आहे का ते खिडकीतून बघितलं.