पिवळी गाडी पुढे होती

ती पिवळी गाडी पुढे होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या संध्याकाळी आमच्या घरात पुष्कळ गोष्टींवरून वाजलं, पण यावर वाद नव्हता. पाच फेऱ्या उरल्या होत्या, पिवळी पहिली होती आणि तिच्याच टीमची पांढरी गाडी तिच्या मागे होती.

जर्मनीत दर वर्षी टूरिंग गाड्यांची चॅम्पियनशिप होते. या गाड्या बाहेरून तुमच्याआमच्या गाड्यांसारख्याच दिसतात, दारं, छप्पर, सगळं असतं, आतून मात्र त्या फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या असतात. हॅमिल्टनमध्ये, म्हणजे वेलिंग्टनच्या उत्तरेला आम्ही राहतो त्या गावात, आमच्या ओळखीत हे बघणारा एकच माणूस आहे आणि त्याच्याशी माझं लग्न झालंय. बाकीची मराठी मंडळी क्रिकेट बघतात. जर्मनीतली रविवारची दुपार म्हणजे आमची मध्यरात्र, म्हणून नवरा रेस रेकॉर्ड करून ठेवतो आणि सोमवारी ऑफिसातून आल्यावर बघतो. निकाल कळू नये म्हणून सोमवारी दिवसभर तो फोनवर बातम्याही उघडत नाही, आणि आम्हालाही तोंड उघडायची बंदी असते. भाजी चिरता चिरता मीही बघते. इतक्या वर्षांत सगळं समजायला लागलंय, टायर बदलायला गाडी कधी आत घ्यायची, जिंकलेल्या गाडीत पुढच्या शर्यतीला जास्तीचं वजन का टाकतात, सगळं. पण मला या चॅम्पियनशिपचा राग आहे. पहिल्यापासून आहे.

पुण्यात मी एका मोठ्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट होते. इथे आलो तेव्हा कळलं की माझी पदवी इथे तशीच्या तशी चालणार नाही. आधी एक परीक्षा, मग एखाद्या फार्मसीत वर्षभर उमेदवारी, मग नोंदणी. लेक मांडीवर असताना मी परीक्षा दिली आणि पास झाले. हॅमिल्टनमधल्याच एका फार्मसीने उमेदवारीची जागा देऊ केली. नेमकी तिथेच माशी शिंकली. नवऱ्याची कंपनी दुधाची पावडर करायची यंत्रं बसवते. त्याच महिन्यात कंपनीने त्याला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. लेक दोन वर्षांची होती आणि इथे आम्हाला कोणी नव्हतं. तो म्हणाला, यंदा माझं होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी तुझं, नक्की. मी हो म्हटलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, तू पहिल्यापासून समजूतदार आहेस. सासूबाईही तेच म्हणाल्या. त्या शब्दाची मला आता शिसारी येते.

तीन महिन्यांनी नवरा परतला तो बढतीचं पक्कं करून आणि डोक्यावर याच रेस टीमची टोपी घालून. तिथल्या सहकाऱ्यांनी त्याला एका रविवारी रेस दाखवायला नेलं होतं. मी इथे लेकीचा ताप उतरवत होते आणि तो तिथे जंगलातल्या ट्रॅकच्या कठड्याला टेकून भाजलेलं सॉसेज खात होता. ते फोटो त्याने मला मोठ्या प्रेमाने दाखवले.

पुढच्या वर्षी आम्ही घर घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्याचे दौरे वाढले. मग लेकीची शाळा सुरू झाली. त्या परीक्षेचा निकाल काही वर्षंच धरतात, ती वर्षंही उलटली. मग मी एका फार्मसीत असिस्टंट म्हणून लागले आणि दहा वर्षं लोकांच्या औषधांच्या पिशव्या भरल्या. एखादे आजोबा विचारत, ही नवी गोळी माझ्या जुन्या गोळीबरोबर चालेल ना? मला उत्तर माहीत असायचं. पण सल्ला द्यायचा अधिकार मला नव्हता. मग मी हसून सांगायचे, एक मिनिट, फार्मासिस्टना बोलावते. आतून चोवीस वर्षांची मुलगी यायची, आधी हळूच मला विचारून घ्यायची आणि मी सांगितलेलं त्यांना सांगायची. आजोबा तिचे आभार मानायचे. मुलगी चांगली होती, तिचा राग नाही. पण घरी येताना गाडीत मी एकटीच मोठमोठ्याने बोलायचे.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा परीक्षेला बसले. जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये गाडीतच बसून अभ्यास केला आणि पास झाले. या वेळी हॅमिल्टनमध्ये जागा मिळाली नाही. मिळाली ती वेलिंग्टनजवळ, जॉन्सनव्हिलच्या एका फार्मसीत, फेब्रुवारीपासून वर्षभरासाठी. घरापासून गाडीने साडेसहा तास. होय की नाही ते मंगळवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं होतं.

आदल्या रविवारी सकाळी नवऱ्याने स्वतः चहा केला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. कप माझ्यासमोर ठेवून तो अगदी गोड आवाजात म्हणाला की पुढचं वर्ष लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष, त्यात तू घरात नसणं बरं दिसत नाही. एवढी वर्षं थांबलीस, तर आणखी एक. पुढच्या वर्षी हॅमिल्टनमध्येच काहीतरी निघेल. मी काही बोलले नाही. कप धुतला आणि कपडे वाळत घालायला बाहेर गेले. मी गप्प बसले म्हणजे मिटलं, असं त्याने धरलं. आमच्या घरात ते तसंच धरायची पद्धत होती.

सोमवारी संध्याकाळी तो सोफ्यावर, लेक जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून, आणि मी ओट्याशी. सीझनच्या शेवटाकडची रेस होती. पिवळ्या गाडीचा चालक नवऱ्याचा लाडका. चार सीझन त्या टीममध्ये काढलेले आणि अजून एकही रेस जिंकलेली नाही. त्या दिवशी मात्र सुरुवातीपासून त्याने कोणाला जवळ येऊ दिलं नव्हतं. टायर बदलायला तो बरोब्बर वेळेला आत आला आणि पुन्हा पहिलाच बाहेर पडला. पांढऱ्या गाडीचा चालक चॅम्पियनशिपच्या शर्यतीत होता, त्याला गुण हवे होते.

मग टीमचा रेडिओ ऐकू आला. शांत, सभ्य आवाज. त्याला पुढे जाऊ दे. पुढचं वर्ष तुझं असेल.

रेडिओवर काही वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग पिवळ्या गाडीचा चालक म्हणाला, ओके, अंडरस्टुड. पुढच्या वळणावर पिवळी गाडी जराशी बाहेर गेली, इतकी थोडी की न बघणाऱ्याला वाटावं चुकून गेली, आणि पांढरी आतून निघून गेली.

नवरा ताडकन उभा राहिला. त्याने रिमोट सोफ्यावर आपटला. हा काय प्रकार आहे, हा खेळ आहे की कंपनीची मीटिंग, जो जास्त वेगात आहे त्याला थांबवतात कसे, सगळं टीव्हीला ऐकवलं. मग ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी तो सभ्य आवाज माझ्या स्वयंपाकघरात येऊन सांगत होता, पुढचं वर्ष तुझं असेल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. खोटं कशाला सांगू, पहिला राग टीमचा आला नाही, नवऱ्याचाही नाही. त्या पिवळ्या गाडीवाल्याचा आला. गाढवा, पाय तुझा होता. तुझ्या गाडीत दुसरं कोणी बसलं नव्हतं. शेवटी तो बक्षिसाच्या पायऱ्यांवर दुसऱ्या जागी उभा राहिला, टोपी नीट केली, विजेत्याच्या खांद्यावर थोपटलं आणि हसला. ते हसणं मी ओळखलं. दहा वर्षं काउंटरमागे तेच हसले होते.

जेवण वाढलं तरी नवऱ्याचं शांत होईना. या रेसवेड्यांची एक वेबसाइट आहे, तिथे जगभरचे लोक वाद घालतात. एका हाताने घास खात दुसऱ्या हाताने तो फोनवर लिहीत होता. वीस मिनिटं लिहिलं. मग खूश होऊन मला म्हणाला की चांगलं सुनावलंय. इंग्रजीत होतं. मी म्हटलं, मराठीत वाच, मला नीट कळू दे.

त्याला आनंदच झाला. बायकोने कटकट न करता रेसमध्ये रस घेतला, असं त्याला वाटलं असणार. तो घसा साफ करून वाचायला लागला. जो पुढे आहे त्याला बाजूला हो म्हणण्याचा हक्क कोणाला नाही. आज त्याची वेळ होती. पुढच्या वर्षीचं आश्वासन ही शुद्ध थाप आहे, पुढच्या वर्षी टीम दुसरंच काहीतरी कारण काढेल. चार वर्षं निमूटपणे काम केलेल्या माणसाच्या तोंडाला पानं पुसली. आणि सर्वांत संतापजनक म्हणजे हे सगळं त्याच्याशी गोड बोलून केलं.

शेवटच्या वाक्यावर त्याचा आवाज उतरला. पूर्ण वाचलं त्याने, पण उतरलेल्या आवाजात.

"छान लिहिलंस," मी म्हटलं. "आता हेच मला सांग."

त्याने फोन उलटा ठेवला. "अगं, तुझी गोष्ट वेगळी आहे."

कशी वेगळी, मी विचारलं. तो सांगायला लागला, घर वेगळं, टीम वेगळी, आपण सगळं मिळून ठरवतो. मी त्याला विचारलं, कधी ठरवलं मिळून? तारीख सांग. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हेही म्हणून झालं. टोपीपासून सुरुवात करून मी सगळं काढलं, ताप, सॉसेज, आजोबांच्या गोळ्या, कालचा चहा. इतक्या वर्षांत मी घरात कधी आवाज चढवला नव्हता. मला स्वतःचाच आवाज ओळखू येत नव्हता, आणि थांबावंसंही वाटत नव्हतं.

तो खाली मान घालून ऐकत होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा हळू आवाजात म्हणाला, "पण तू कधी नाही म्हणालीस?"

त्याच्या तोंडचं हे एकच वाक्य खरं होतं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मी नाही म्हटलं नव्हतं. एकदाही नाही. कप धुवून कपडे वाळत घालायला गेले होते.

"आता म्हणते," मी म्हटलं. "नाही. पुढच्या वर्षी नाही. मी फेब्रुवारीत जॉन्सनव्हिलला जाणार."

खरकटा हात तसाच ठेवून मी डाव्या हाताने लेकीचा लॅपटॉप ओढून घेतला आणि फार्मसीला दोन ओळींची मेल लिहिली. मंगळवारची वाट पाहिली नाही. नवरा म्हणाला, निदान सकाळी शांत डोक्याने पाठव. मी म्हटलं, शांत डोक्यानेच चौदा वर्षं गेली. आणि पाठवून दिली.

लेक समोरच बसून सगळं ऐकत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल, म्हणून हात धुऊन मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, बाळा, शेवटचं वर्ष आहे तुझं, माहितेय मला, पण तेव्हाही तू लहान होतीस म्हणूनच मी थांबले होते. मला वाटलं हे ऐकून ती मला मिठी मारेल.

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "डोंट पुट दॅट ऑन मी, आई. आय वॉज टू इयर्स ओल्ड."

तिच्या आवाजात राग होता, आणि तो माझाच राग होता, चेहऱ्यावरही तसाच दिसत होता. मी तिच्यावर ओरडणार होते. पण काय म्हणून ओरडणार? दोन वर्षांच्या पोरीने मला काही सांगितलं नव्हतं. ती माझ्या कडेवर होती, एवढंच. तिच्या नावावर मी ते सगळं इतकी वर्षं खपवलं होतं, पाहुण्यांना, मैत्रिणींना, काउंटरवर विचारणाऱ्या बायकांना, आणि तिच्या समोर बसूनसुद्धा.

नवऱ्याने ते लिहिलेलं वेबसाइटवर टाकलं की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. फेब्रुवारीत त्याने मला इथे जॉन्सनव्हिलला आणून सोडलं, साडेसहा तासांत दोन-चार वाक्यं बोलला, आणि खोलीतल्या खिडकीची सैल कडी घट्ट करून परत गेला. घरी वरणभात तो लावतो आणि लेक त्याला नावं ठेवते. माझा राग अजून गेलेला नाही. तो इतक्यात जावा असं मला वाटतही नाही.

इथल्या फार्मसीतली माझी वरिष्ठ माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. पहिल्याच आठवड्यात तिने सहज विचारलं, पहिल्यांदा परीक्षा पास झालात तेव्हाच का नाही केलंत हे? सवयीने तोंडात आलंच होतं, मुलगी लहान होती. ते मी गिळलं. तिला सांगितलं, मला बाजूला हो म्हणाले, आणि मी झाले.