साडूचा दाणेदार जोडा

साडूच्या जोड्यात मी चोरून पाय घातला आणि टर्रकन आवाज झाला. उसवला तो जोडा. पाय उसवला असता तर निदान धोतराखाली झाकता आला असता.

त्या दिवशी मेहुण्याचं लग्न होतं. शाहूपुरीतल्या सासरच्या घरी जेवणं झाली, वऱ्हाड सोप्यात जागा मिळेल तिथं आडवं झालं, आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून दारातल्या पायताणांच्या ढिगापाशी गेलो. त्या ढिगातही जोतीरामचा जोडा मामलेदारासारखा वेगळा बसला होता. जोतीराम माझा थोरला साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. पेठ वडगावला त्याचा गुळाचा व्यापार. सकाळपासून सगळं वऱ्हाड त्याच्या पायांकडं बघत होतं. बदामी कातडं आणि त्यावर मोहरीएवढे बारीक दाणे. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा वाकून बोट फिरवून बघितलं. "थोरले जावई कसे सावकाश चालतात, भारदस्त दिसतं," असं सासूबाई मुद्दाम माझ्या कानापाशी येऊन म्हणाल्या. मी दरबारच्या दप्तरातला कारकून, भराभरा चालणारा. ते त्यांना कधीच आवडलं नाही.

मला फक्त एकदा बघायचं होतं, तो जोडा माझ्या पायात कसा दिसतो ते. पाय शिरेना म्हणून टाच जरा आपटली. करंगळीच्या बाजूची शिवण पार तळव्यापर्यंत गेली.

दिवेलागणीला वरात निघायची होती. तोवर जोडा धड होऊन जागेवर आला नसता, तर मी सासरी पुन्हा तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहिलो नसतो. जोड्याचे दोन्ही पाय उपरण्यात गुंडाळले आणि रविवार वेशीची वाट धरली. जोडा कुणी केला हे विचारावं लागलंच नाही. जोतीरामनं सकाळपासून ते नाव अक्षतांसारखं सगळ्यांवर टाकलं होतं: लालासाब म्यानगर.

लालासाबचे आजोबा आणि बाप सरदारांच्या तलवारींची म्यानं मढवायचे. आता महाराजांच्या राज्यात शाळा निघाल्या, गिरणी निघाली, आगगाडी दारात आली. तलवारी दसऱ्यापुरत्या उरल्या आणि म्यानं खुंटीवर गेली. तेव्हा या माणसानं म्यानाचं कातडं जोड्यावर आणलं. ओलं कातडं पसरायचं, त्यावर मोहरी पेरायची, वरून घोंगडं टाकून त्याच्यावर चालायचं. चार दिवस सावलीत वाळलं की मोहरी झटकून टाकायची. कातड्यावर दाणे उठतात ते कायमचे. मी पोचलो तेव्हा त्यांची बायको ताजबी चुलीपाशी कुरकुरत होती, "सगळी मोहरी ह्यांच्या कातड्याला, आन माझी आमटी बिनफोडणीची!"

"जोडा उसवलाय," मी म्हणालो. "माझा."

लालासाबनी तो हातात घेऊन उलटा केला, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"जोतीरामअण्णा बरं हाईत न्हवं?"

"झोपलेत."

"म्हंजे आपुन त्येंचं साडू."

मी उपरण्याची घडी घालू लागलो.

"त्येंच्या पायाचं माप म्या घेटलं की," लालासाब म्हणाले. "पर म्हणाले, बोटभर कमी कर, पाय नाजूक दिसाय पायजे. सकाळधरनं कसं चालत्यात?"

"सावकाश. भारदस्त."

"चावतंय त्यास्नी."

खोटं कशाला सांगू, माझ्या स्वतःच्या लग्नातही मला एवढा आनंद झाला नव्हता.

तो फार टिकला नाही. लालासाब म्हणाले, "नुसता शिवला तर वरातीत परत फुटंल, आन नाव माझं जाईल. पट्टी घालाय लागंल, दोन्हीस्नी." बदामी कातडं शिल्लक नव्हतं. ते उठले, पेटीतून फडक्यात बांधलेला हिरवा तुकडा काढला आणि मांडीवर ठेवून त्यावरच्या दाण्यांवर अंगठा फिरवला. बापाच्या हातचं, शेवटच्या म्यानाचं उरलेलं कातडं. ताजबी चूल सोडून पुढं आली.

"त्यो कापताय?"

"कापतोय." मग माझ्याकडं वळून, "पाय द्या."

"माझा?"

"साडू झोपल्यात म्हणालासा न्हवं?"

मी पाय दिला. जोडा माझ्या पायात, आणि त्यावर लालासाबची आरी चाललेली. बदामी दाण्यांत ती हिरवी पट्टी अशी उतरली की मला माझा पाय ओळखू येईना. मी उभा राहिलो, चार पावलं टाकली. कुठं चावलं नाही, कुठं सैल नाही. मनात मी वरातीच्या पुढं निघालोसुद्धा.

"लालासाब, मलाही असाच एक करा."

त्यांनी मला डोक्यापासून खाली बघितलं. लाल मंदील, जांभळा जरीचा कोट, चौकड्यांचं उपरणं, काठाचं धोतर. लग्नासाठी घरातलं जे जे रंगीत होतं ते मी अंगावर घातलं होतं.

"एवढ्या बाजारात जोडा कुणास्नी दिसायचा, पावणं? दाण्याच्या जोड्यावर कापड सपाट पायजे. पांढरं धोतर, काळा कोट, एका रंगाचा फेटा. तुमच्या साडूस्नी बी सांगिटलं. त्यांनी ऐकलं."

म्हणजे सकाळपासून ज्या रुबाबावर मी जळत होतो, तो डोक्यापासून पायापर्यंत या म्हाताऱ्यानं ठरवलेला होता. जोतीरामचं त्यात फक्त चावून घेणं.

मी सासरी परतून जोडा ढिगापाशी ठेवला आणि जोतीराम जांभई देत बाहेर आला. पाय घातला. थांबला. मी दाराआड सरकलो. मग त्याचा चेहरा फुलला. "च्यायला, आज बसला की! आन ही पट्टी? म्यानगरानं घातली व्हती, माझंच लक्ष न्हवतं व्हय!" सकाळभर जपून पावलं टाकणारा हा माणूस लेझीमवाल्यांच्या पुढं नाचला. वरात नवरदेवाला सोडून हिरवी पट्टी बघू लागली. सासूबाई म्हणाल्या, "पायात कसं वारं भरलंय!" आमच्या घरच्या मंडळी, शालूबाई, म्हणाल्या, "बघा भाऊजींकडं, न्हायतर तुमचं त्ये पायताण." माझ्या पायावर बेतलेला जोडा नाचत होता, आणि मी मागं बत्तीवाल्याच्या शेजारून चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी मी पांढरं धोतर नेसलो, काळा कोट चढवला, फेटा एका रंगाचा बांधला. पायात तेच जुनं पायताण. तसाच लालासाबच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी वरपासून बघत बघत नजर खाली आणली, मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागले.

मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं तसं सगळं केलंय. आता सांगा, माझा जोडा कधी करणार?"

मान वर न करता लालासाब म्हणाले, "केलाय की, तुमच्या साडूच्या पायात हाय."