सव्वा मूठ

सरांनी वर्गाला विषय दिला, 'माझी नेतृत्वशैली आणि तिच्यावरचे प्रभाव'. आधी लिहून आणायचं, मग सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. जळगावला मी व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वर्गाची प्रतिनिधी आहे आणि स्नेहसंमेलनाची प्रमुखही मीच होते, त्यामुळे मैत्रिणी म्हणाल्या, तुझ्या तर डाव्या हाताचा मळ. मलाही तसंच वाटलं होतं. पण आठवडा गेला तरी माझ्या वहीत एक धड परिच्छेद नव्हता.

आम्ही राहतो भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आणि मी रोज एसटीने जळगावला जाऊन-येऊन करते. गाडीत बसलं की मला चांगली चांगली वाक्यं सुचायची. 'मी सर्वांना बरोबर घेऊन चालणारी नेता आहे.' नशिराबाद येईपर्यंत त्या वाक्याची मला लाज वाटायला लागायची. सर्वांना बरोबर घेऊन वगैरे काही नाही, मी ओरडते. संमेलनात मंडपवाला उशिरा आला तेव्हा मी ज्या आवाजात बोलले, तो ऐकून आमचे प्राचार्य स्वतः खुर्च्या लावायला लागले होते. वर्गातली मुलं मला रिंगमास्तर म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ते कळत नाही.

बाकीच्यांनी प्रभाव म्हणून मोठमोठी नावं घेतली होती, पुतळे असलेली. मला तसलं लिहवेना. माझ्यावर प्रभाव होता तो आबांचा. आबा म्हणजे माझे थोरले काका. धुळ्याजवळच्या आमच्या गावी शेती बघतात. त्यांनी ओट्यावरून एक हाक मारली की अख्ख्या गल्लीतली माणसं आपण काय चुकलो ते आठवायला लागतात. लहानपणापासून मला वाटायचं, माणूस असावा तर असा. आणि माणूस नसावा कसा, तर माझ्या वडिलांसारखा. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा तसंच वाटायचं. माझे वडील, त्यांना घरीदारी सगळे भाऊ म्हणतात, तिघा भावांत धाकटे. रेल्वेत नोकरी. भावांची बैठक बसली की भाऊ भिंतीला टेकून बसणार, चहा पिणार आणि उठून येणार. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत, असं मी त्यांना एकदा तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, 'बरोबर आहे,' आणि पेपर वाचायला लागले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यातच श्रावण आला आणि गावाहून फोन आला, की नाना यंदा रोट वेगळा काढणार आहेत.

नाना म्हणजे मधले काका. सामाईक विहिरीच्या पाळीवरून त्यांचं आणि आबांचं उन्हाळ्यात वाजलं होतं. वीज येणार ती ठरावीक तास, त्यात मोटर कोणी आधी लावायची यावरून. घरोघरी मातीच्या चुली, भावाभावांत असं व्हायचंच. पण रोट वेगळा काढणं म्हणजे साधं भांडण नाही. खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून चौरंगावर मांडतात आणि सगळी भाऊबंदकी त्या दिवशी एका घरी जमते. त्याच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि हरभऱ्याची डाळ मोजून दळतात. हा रोट. याच पिठाचं जेवण, आणि ते फक्त त्या भाऊबंदांनीच खायचं. शेजाऱ्याला द्यायचं नाही, फेकायचं नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचं. उरलंच, किंवा ज्याच्या नावाचं दळलं तो जेवायला आलाच नाही, तर तेवढं खड्डा करून जमिनीत पुरायचं. आमच्या घरी ते कधी पुरलेलं नाही. आणि एकदा भावाने रोट वेगळा काढला, की पुन्हा तो एक होत नाही. आमच्या गावातली अशी दोन घरं मला माहीत आहेत. समोरासमोर राहतात आणि एकमेकांच्या लग्नात आहेर तेवढा पाठवतात.

मी आईला म्हटलं, मी मिटवते हे. आई म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मला तर उलट हुरूप आला. माझी नेतृत्वशैली आता जमिनीवर उतरणार होती. जळगावहून धुळ्याला जाताना मी गाडीत मुद्दे काढले. दोन्ही बाजू ऐकायच्या, समान हित शोधायचं, पर्याय मांडायचे. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा बाकीचे चहाला उतरले, मी मात्र बसून पर्याय मांडत होते. भाऊंनी खिडकीतून मला चहाचा कप दिला आणि काही न बोलता परत गेले. त्यांच्या दोन भावांचं घर फुटायला आलेलं आणि हा माणूस शांतपणे चहा पितोय, याचा मला संताप आला.

शनिवारी सकाळी मी आधी आबांकडे बसले. आबांनी माझं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आठवड्याआड पाळी लावा, मोटरीला टायमर बसवा, महिन्याला एकदा दोघांनी बसून बोला. मग ते आईकडे वळून म्हणाले, लेक चांगलं बोलते, हिला वकील का नाही केली? आणि बैल बघायला गेले. मग मी मळ्याकडच्या नव्या घरी नानांकडे गेले. तिथे काकूने वेगळी चूल सारवून ठेवली होती, वेगळा गहू निवडून ठेवला होता. तरी मी बोलले. थोडं जास्तच बोलले, आणि शेवटी आबांसारखा आवाज चढवला. नाना चिडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून आमच्या अहिराणीत म्हणाले, "तू शिकेल शे, बेटा. पन हाई भाऊबंदकी शे, तुनं कालेज नही."

परत येताना मी मळ्याच्या वाटेवर भरभर चालत होते आणि मोठ्याने एकटीच भांडत होते. मला कळेना की माझा आवाज आबांसारखा असून चालत का नाही. कॉलेजात तर चालतो.

दुपारी गहू मोजायला बसले. मोजायचं काम मोठ्या काकूचं, आबांच्या बायकोचं. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, तिचे दीरसुद्धा. अक्का परातीसमोर बसली, शेजारी गव्हाचं पोतं. पुरुष ओट्यावर आणि दारात. दरवर्षी नावं आबा घेतात आणि अक्का मूठ टाकते. यंदा आबा म्हणाले, माझा घसा बसलाय. घसा वगैरे काही बसला नव्हता. नानांच्या नावाशी येऊन थांबायला लागू नये म्हणून ते सगळं चाललं होतं, हे मलाही कळलं. अक्काने मला बोलावलं. म्हणाली, तुझा आवाज मोठा आहे, तू घे.

मी नावं घ्यायला लागले. आबांचं घेतलं. सव्वा मूठ परातीत पडली. मूठभर आणि वर चिमूटभर, अक्काचा हात एका मापाचा चालतो. आबांच्या मुलांची घेतली, नातवाची घेतली. तो अजून रांगतो, पण त्याचीही सव्वा मूठ. हे मी आयुष्यभर बघत आलेय, पण नावं स्वतःच्या तोंडाने घेताना पहिल्यांदा टोचलं. रांगणारं पोर मोजलं जातं. मी नाही. मोजणारी अक्काही नाही. कुणाचं नाव राहिलं की घर फुटतं म्हणे, आणि आमची तर कधी घेतलीच नव्हती.

पुढचं नाव नानांचं होतं. मी थांबले. ओट्यावरची कुजबुज बंद झाली. मी आबांकडे पाहिलं, कारण सवय तीच.

"थांबनी काब?" अक्का म्हणाली. "पुढलं नाव ले."

आबा ओट्यावरूनच नानांचं नाव अडवत म्हणाले, "त्यानं नाव लेवानं काम नही."

अक्काने मान वर केली नाही. मूठ गव्हात तशीच ठेवली आणि म्हणाली, "मूठ मनी शे."

मूठ तिची, एवढंच. तिने हातही हलवला नाही. आता सगळं माझ्यावर येऊन थांबलं. मी घाबरले होते. दोन बैठका घेतल्या तेव्हा मला भीती नव्हती, कारण तेव्हा बोलून काही होणार नव्हतं. आता एक नाव घेतलं की झालं. नानांच्या नावाचं पीठ झालं, की एक तर नाना येऊन जेवणार, नाहीतर जिवंत भावाच्या नावाचं पीठ आबांना आपल्या हातांनी पुरावं लागणार. माझ्या मुद्द्यांत हा पर्याय नव्हता. मी नानांचं नाव घेतलं. माझा मोठा आवाज ऐनवेळी कुठे गेला कोण जाणे, जेमतेम ऐकू आलं. परातीत सव्वा मूठ पडली. मग नानांच्या मुलांची नावं घेतली, मग भाऊंचं. आबा उठून आत गेले.

संध्याकाळपर्यंत निरोप मळ्यात पोचला. कोणी पोचवला, विचारलं नाही. रात्रभर मला झोप लागली नाही. नाना आले नाहीत तर आबा मला जन्मभर क्षमा करणार नाहीत, आणि ज्या माणसासारखं व्हायचं म्हणून मी धडपडले, त्यालाच मी सगळ्यांसमोर खाली पाहायला लावलं, हे काही मनातून जाईना.

रविवारी कानबाई बसली. गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी, खीर, खापरावरचे मांडे, सगळं तयार झालं आणि पंगत काही बसेना. आबा म्हणत नव्हते बसा, अक्का म्हणत नव्हती थांबा. मी दारात जात होते, आत येत होते, पुन्हा दारात जात होते. आई म्हणाली, एका जागी बस ना गं. नाही बसवलं.

नाना आले. दोन्ही मुलांना घेऊन आले, नवा सदरा घालून. आबांकडे पाहिलं नाही. हातपाय धुतले, कानबाईला हळदकुंकू वाहिलं आणि पंगतीत आबांपासून तिसऱ्या पाटावर बसले. विहिरीचा विषय कोणी काढला नाही. आबांनीच पहिला मांडा मोडला आणि अर्धा त्यांच्याकडे सरकवला. नानांनी तो घेतला. दोघं जेवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी भजी वाढायला लागले.

मी नानांच्या पानाशी आले तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "पुढला सालबी मनं नाव तूच ले."

पंगतीत हसू फुटलं, सैल झाल्यासारखं. आबासुद्धा मिशीत हसले. मला शाबासकी मिळाली होती, तीही नानांकडून, सगळ्यांसमोर. मी खूश व्हायला हवं होतं. पण घरात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. पुढच्या श्रावणात मी कदाचित दुसऱ्याच्या घरची असेन, आणि आमच्याकडे लग्न झालेल्या लेकीला रोट चालत नाही. मी या सगळ्यांची नावं घ्यायची, यांची घरं जोडायची, आणि माझ्या नावाचा एक दाणा या परातीत पडणार नाही. राग आला. कालची भीती गेली होती, नुसता राग उरला होता.

"घेईन," मी म्हणाले. "पण आधी माझं घेईन."

हसू थांबलं. नाना मांडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. आबांच्या कपाळावर आठी आली, ती मी ओळखते. आता हाक येणार होती. त्याआधीच अक्काने खिरीचं पातेलं उचललं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "पुढला सालनं पुढला साल दखसूत."

पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू, म्हणजे विषय तिथेच मिटला असता. सगळे पुन्हा पानाकडे वळले होते. मीही वळले होते.

तेव्हा भिंतीला टेकून जेवणारे भाऊ बोलले. आवाज चढवला नाही, मानही फारशी वर केली नाही.

"नही अक्का," ते म्हणाले. "आतेच सांग."