हरळीचं टोक

१० मे १९७५. काम: कुंपणालगत दोन फूट खोल चर खणणे, हरळी मुळासकट काढणे, चरात शहाबादी फरश्या उभ्या गाडणे.

माझ्या बागेच्या वहीत त्या दिवशी एवढंच आहे. रागाबद्दल काही लिहिलेलं नाही, पण चर मी रागानेच खणायला काढला होता.

सोलापुरात विजापूर रस्त्याला आमचं घर झालं तेव्हा स्वयंपाकघरामागे मी शेवंतीचा लांब वाफा केला. दोन पावसाळ्यांत हरळीनं तो गिळला. कुंपणापलीकडे, शेजारच्या वकीलीणबाईंच्या अंगणात हीच हरळी हिरवीगार पसरली होती. त्या तिला दूर्वा म्हणत. नळाला दिवसाआड पाणी यायचं, तरी तिला दोन बादल्या घालत आणि चतुर्थीला जुड्या बांधत. "मी लावली नाही हो, देवानं आपणहून दिली," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

तुमचं गवत कुंपणाच्या तारेखालून माझ्याकडे येतं, कडेचं तेवढं काढून टाका, असं मी एकदा त्यांना सांगून पाहिलं. त्याचं उत्तर चैत्रातल्या हळदीकुंकवाला मिळालं. दहा बायकांसमोर, माझ्या हातात डाळ देता देता त्या म्हणाल्या, "काहींना देवाच्या दूर्वेतही तणच दिसतं. आणि आमच्या घरी पुराव्याशिवाय आरोप ऐकत नाहीत हं!"

बायका हसल्या. मी डाळ संपवली, पन्हं प्यायले आणि म्हणाले, "पुरावा आणून देते."

यजमानांनी ओळखीच्या दुकानातून तणनाशकाचा डबा आणला. म्हणाले, "एक फवारा मार, विषय संपला." शेवंती कुंपणापासून दोन हातांवर, पाण्याचा आड दहा पावलांवर. मी डबा परत पाठवला. शिवाय फवाऱ्यानं मेलेली हरळी माझ्या काय कामाची? मला पलीकडून इकडे आलेली, न तुटलेली, लांबलचक मुळी हवी होती.

मदतीला अक्कलकोटकडची, निम्मं कानडी बोलणारी एक बाई घेतली. तिनं आल्या आल्या माझ्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"ह्ये ठिवा बाई. तुटली की एकीच्या धा हुत्यात. कुदळीनं माती ढिली करा, मग हातानं वढा."

तसंच केलं. काढलेल्या मुळ्या गच्चीवर टाकल्या. त्या उन्हात दुपारपर्यंत त्यांचा पार कडबा झाला. मधूनमधून मी वर जाऊन त्या पायानं उलटत होते. तशी गरज नव्हती, पण बरं वाटत होतं.

जेवणाआधी खणत तारेपाशी पोचलो. तिथं एक जाडजूड मुळी लागली, थेट तारेखालून गेलेली.

"हीच," मी म्हणाले. "तोडू नकोस."

दोन्ही बाजूंनी माती उकरून तिनं ती अख्खी बाहेर काढली, निरखली आणि हसायलाच लागली.

"बाई, टोक कुटं हाय बगा की."

हरळीच्या मुळीचं वाढतं टोक पांढरं आणि सुईसारखं असतं. ते पलीकडे होतं, वकीलीणबाईंच्या अंगणात घुसलेलं. जुनी, तपकिरी बाजू माझ्याकडे होती.

"दुसरी काढ."

दुसरी तशीच निघाली. पाच काढल्या. पाचही इकडून तिकडे.

"ही तुमचीच हाय," ती म्हणाली. "तुमीच दिलीया त्यास्नी. फुकाट."

जुन्या बाजूमागे खणत गेलो ते वाफ्यातून निघून माझ्या खताच्या खड्ड्याशी पोचलो. दोन वर्षं मी खुरप्यानं हरळी कापत होते, तुकडे खड्ड्यात टाकत होते आणि तेच खत वाफ्याला घालत होते. वकीलीणबाईंना देवानं दिलेली दूर्वा माझ्या खड्ड्यातून गेली होती.

"आता काय सांगनार त्या बाईला?"

"तू चर खण."

समोरच्याचा गुन्हा नाही असं कळलं की माणसं म्हणे शांत होतात. मी झाले नाही. दहा बायकांसमोरचं ते बोलणं तर त्यांचं होतं. ते काही माझ्या खड्ड्यातून गेलेलं नव्हतं. फरश्या उभ्या करून, माती चोपून संध्याकाळी मी हात धुतले तेव्हा काय करायचं ते ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या पाच मुळ्या घेऊन मी त्यांच्या फाटकातून आत गेले. वकीलीणबाई परडी घेऊन फुलं तोडत होत्या.

"काय हो, सापडला का पुरावा?"

"सापडला. हे पांढरं टोक तुमच्याकडं होतं, हे जुनं माझ्याकडं. तुमच्याकडची सगळी हरळी माझ्या खताच्या खड्ड्यातून आली आहे. चूक माझी."

त्यांचा चेहरा उजळला. "मी म्हटलंच होतं!"

"म्हणजे ती माझी झाली. माझं ते मी घेऊन जाते."

"अहो, काहीतरीच काय! देवाची दूर्वा आहे ती!"

"देवापुरती कुंडीत लावून देते. एकवीस काड्यांना कमी पडणार नाही."

कामाची बाई पदर खोचून, दोन कुदळी घेऊन फाटकात उभीच होती. वकीलीणबाई वकीलसाहेबांना हाका मारत आत धावल्या. ते आंघोळीला गेले होते. ते बाहेर येईपर्यंत तुळशीपासून कुंपणापर्यंतची एक पट्टी आम्ही उलथून टाकली होती.