एकच गुडघा सैल

टेलरमावशी तोंडाच्या भारी फटकळ. कपडा घट्ट झाला म्हणून कुणी कुरकुरलं की सरळ विचारायच्या, "पोट तुझं सुटलं, त्यात माझ्या शिलाईचा काय दोष?" लोक हसायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे. पण संध्याकाळी शटर ओढलं की मावशींशी बोलायला कुणी नसे. नवरा केव्हाच गेलेला. पंधरा वर्षांची लेक चार वर्षांपूर्वी हाडाच्या कॅन्सरने गेली. दुकानामागच्या खोलीत त्या रेडिओ लावून ठेवायच्या, निदान कुणीतरी बोलतंय म्हणून.

एका दुपारी शाळेतली एक मुलगी खेळाची पँट घेऊन आली. "मावशी, डावा गुडघा तेवढा सैल करून द्या ना. उद्या मॅच आहे."

"आणि उजवा?"

"तो बरोबर बसतो."

मावशींनी हातातली कात्री खाली ठेवली. "बघू पाय." गुडघ्याच्या वर सूज होती, हाताला टणक लागणारी. "कधीपासून?"

"झाले दोन महिने. बॉल लागला होता. रात्री जास्त ठणकतं. आईला नका हं सांगू, खेळ बंद करेल."

"पँट मिळायची नाही. आधी एक्स-रे काढ."

"कमाल आहे! टेलर आहात की डॉक्टर?" फणकाऱ्याने पँट ओढून मुलगी चालती झाली.

मावशींनी भर दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि तिचं घर गाठलं. मुलीची आई दारातच म्हणाली, "वाढत्या वयात दुखतातच हो पाय. तुमच्याकडे झालं म्हणून काय सगळ्यांकडेच होतं?"

एरवी मावशींनी तिला सोलून काढलं असतं. आज त्यांनी नुसती दाराची चौकट धरली. मग चार वर्षांत जे कुणाजवळ बोलल्या नव्हत्या, ते त्या परक्या दारात उभ्या राहून बोलल्या.

"माझी पोर म्हणाली, आई, एका पायाला घट्ट होतंय. मी शिलाई उसवून दिली. महिन्याने परत म्हणाली, परत उसवली. हातात कला ना मेली! कापड बघितलं, पाय नाही बघितला. अहो, बहुतेक वेळा काही नसतंच. नसलं तर या आणि मला चार शिव्या घाला. पण दाखवून या."

तीन आठवड्यांनी ती आई दुकानात आली. कॅन्सरच निघाला होता, पण पसरला नव्हता. उपचार लांबतील, पण पोरगी बरी होण्याची चांगली आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. "म्हणाले, वेळेवर आणलंत," एवढं सांगून ती मावशींच्या गळ्यात पडून रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ती गेल्यावर त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण त्या आईचा असा हेवा वाटला की स्वतःचीच लाज वाटली. "चुकलं गं माझं," त्या लेकीला मोठ्याने म्हणाल्या, आणि खुळ्यासारख्या उत्तराची वाट बघत बसल्या.