चंद्री कुणाच्या हाकेला येते

नर्सच्या नोकरीसाठी आयर्लंडला निघाले त्या सकाळी गाडी दारात येऊन थांबली होती आणि मी गोठ्यात चंद्रीची धार काढत होते. आईनं दोनदा हाक मारली. वडील तिला म्हणाले, "काढू दे तिला. उद्यापासनं म्हस कुणाला दूध देती बघू." चंद्रीला ती रेडकू असल्यापासून मी वाढवलेलं. माझ्याशिवाय ती कुणाला पान्हा सोडत नव्हती. नव्या ड्रेसला शेण लागलं, तसाच घालून विमानात बसले.

पहिला महिनाभर वडील फोनवर तक्रार करायचे, की चंद्री लाथ मारते, दूध चोरते. मी काळजीनं चौकशी करायचे आणि मनातून खूश व्हायचे. नवा वॉर्ड, नाइट शिफ्टचं रोस्टर, कुणाला नाव उच्चारता येत नाही अशा दिवसांत तेवढाच आधार होता, की तिकडं गावी, गडमुडशिंगीत, माझ्यावाचून कुणाचं तरी अडलंय.

मग धाकट्या भावाचं लग्न झालं. मला रजा मिळाली नाही. त्याची बायको रोहिणी गडहिंग्लजकडची, माहेरी कन्नड बोलणारी. लग्नानंतर आठवड्याभरात आई कौतुकानं म्हणाली, "पोरीनं जादूच केली की. चंद्री तिच्याम्होरं गप उभी ऱ्हाती." मी बरं झालं म्हणाले. फोन ठेवल्यावर जेवले नाही.

आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची. घरात कुणी घास घेण्याआधी पुरणपोळी म्हशीला. वडील तिच्या कपाळाला हात लावून म्हणायचे, "वरीसभर आमाला खायला घातलंस, आज तू खा." मग चौकात हलगी वाजते, मालक हाक देत पुढं पळतो आणि एवढ्या गर्दीतून म्हैस त्याच्याच मागं धावते. बहुतेक घरांतून पुरुष पळतात. आमच्या घरातून मी पळायचे, आणि तीन वर्षं मी आयर्लंडमधून व्हिडिओ कॉलवर रोहिणीला पळताना पाहिलं. साडीचा पदर खोचून, चप्पल काढून. दरवेळी नेटवर्क गेलं म्हणून मी मध्येच फोन कापला. नेटवर्क चांगलं होतं.

चौथ्या वर्षी रजा काढून दिवाळीला गेले. पोहोचल्या संध्याकाळीच रोहिणीला म्हणाले, की यंदा हाक मी मारणार. तिनं मान डोलावली. मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. "शेवटी आमच्या घरची म्हस हाय," मी म्हणाले. 'आमच्या' या शब्दावर मी जोर दिला, आणि तो तिला कळला.

पाडव्याला चौकात मी हाक मारली. पूर्वीसारखीच, पूर्वीच्याच सुरात. चंद्रीनं कान हलवले, माझ्याकडं पाहिलं आणि उभी राहिली. परत मारली. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "पावणं, म्हस तुमची न्हाय वाटतं." माझ्याच गावात मी पावणं झाले होते. मी गर्दीत रोहिणीला शोधलं. ती आलीच नव्हती.

मी घरी पळत गेले. ती चुलीपाशी बसली होती. मला वाटलं होतं, ती मनातून खूश असेल. तिच्या जागी मी झाले असते. म्हणाले, "चल. ती हलंना."

ती लगेच उठली नाही. म्हणाली, "ताई, माझ्या माहेरी पण म्हस हुती. माझ्याबिगर कुणाला धार काढू देत नव्हती. मी हिकडं आले आन् बाबांनी तिला इकून टाकली. तुमची तरी दावणीला हाय." मग पदर खोचला आणि माझ्याबरोबर आली. चौकात तिनं "बा, बा" म्हणून कन्नडमध्ये बोलावलं. चंद्री अशी सुटली, की शिंगावरची मोरपिसं गळून रस्त्यावर पडली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी मोरपिसं गोळा केली.

त्या रात्री आईनं विचारलं, वाईट वाटलं का. मी नाही म्हणाले. खरं तर रोहिणीचं ऐकून वाईट वाटलं होतं, पण जळफळाट गेला नव्हता. दोन्ही एकाच पोटात मावतात, हे तेव्हा कळलं. उरलेले दिवस धारेच्या वेळी मी रोहिणीशेजारी जाऊन बसायचे. कासेला हात लावला नाही. तिनं एकदा चरवी पुढं केली, मी नको म्हणाले.

इथं आयर्लंडमध्ये आमच्या हॉस्पिटलमागं मोठा डेअरी फार्म आहे. दीडदोनशे गाई रांगेनं आत जातात, मशिनखाली उभ्या राहतात, बाहेर पडतात. ब्रेकमध्ये कॉफी घेऊन मी बघत उभी राहते. त्यांचं दूध कोण काढतं, त्या कुणाच्या मागं जातात, याचं मला काहीच वाटत नाही. गडमुडशिंगीतल्या एका म्हशीवरून अजून माझा जीव जळतो. माझं घर कुठं, असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं.